जोडणं आणि सोडणं

सिन्नरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत लग्नसराईच्या दिवसांत डोकावून पाहा. काउंटरमागे एक संगणक असतो आणि त्याच्याभोवती तळहाताएवढ्या चार-सहा काळ्या डब्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेननं लिहिलेलं: ‘लग्नं २०२२’, ‘साखरपुडे’, ‘शाळा, गॅदरिंग’. साऱ्या डब्यांच्या वायरी एका लहानशा पट्टीत खोचलेल्या, आणि त्या पट्टीची एकच वायर संगणकात गेलेली. या डब्या म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि ती पट्टी म्हणजे हब. गावातल्या शेकडो घरांचे आनंदाचे प्रसंग त्या एका टेबलावर मुक्कामाला असतात.

कवी माणसानं हार्ड डिस्कवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण माझ्याही टेबलावर अशा चार डिस्क आहेत. त्यांत माझ्या कविता आहेत, आणि तालुक्यातल्या कविसंमेलनांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले आवाज आहेत. त्या आवाजांचे कितीतरी धनी आता हयात नाहीत. मी बी. ए. झालेला माणूस, विजेचं शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण जे जपायचं ते कशात जपलं जातं आणि कशामुळे जातं, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि या डब्यांनाही इतिहास आहे.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ साली अमेरिकेत आणली. रॅमॅक या संगणकाचा तो भाग होता. एका दांड्यावर ओवलेल्या, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, सारं धूड सुमारे एक टन वजनाचं, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. म्हणजे दोनशे पानांची डझनभर पुस्तकं. आज मोबाइलवर काढलेला एखादाच फोटो तेवढी जागा सहज अडवतो. खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये अशी अडीच लाखांहून अधिक रॅमॅक सामावतील. तबकडी फिरते आहे, तिच्यावर चुंबकाच्या ठिपक्यांनी अक्षरं उमटताहेत, हे तत्त्व मात्र तेच राहिलं.

डिस्क लहान होत गेल्या तशी एका यंत्राला अनेक डिस्क जोडायची गरज निर्माण झाली. १९८६ साली ‘स्कझी’ नावाची एक पद्धत प्रमाण ठरली. तिच्यात आठ क्रमांक असायचे. एक खुद्द यंत्राचा, उरलेले सात जोडलेल्या उपकरणांचे. पहिल्या डिस्कमधून वायर दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी आगगाडी लावायची. प्रत्येक डब्याचा क्रमांक हातानं ठरवून द्यायचा. दोघांचा क्रमांक चुकून सारखा झाला, की दोघांचंही काम अडायचं. शेवटच्या डब्याला टोपणासारखा एक तुकडा लावला नाही, तर गाडी बिघडायची. आणि हे सगळं यंत्र बंद करून. जाणकाराशिवाय पान हलत नसे.

ही कटकट संपवली यूएसबीनं. जानेवारी १९९६ मध्ये सात कंपन्यांनी मिळून तिची पहिली आवृत्ती जाहीर केली. ती घडवणाऱ्यांत ठळक नाव आहे इंटेल कंपनीतले अजय भट्ट यांचं. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. ज्यांच्या नावानं ते विद्यापीठ आहे, ते सयाजीराव गायकवाड आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचे. एका खेड्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या मुलानं शिक्षणाला हात दिला, आणि त्याच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाचं काम आज घरोघरच्या संगणकाच्या खाचेत बसलं आहे. इतिहास असा कुठून कुठे पोचतो!

यूएसबीमध्ये यंत्र चालू असतानाच डिस्क जोडता येते. नवी डिस्क येते तेव्हा तिला स्वतःचा क्रमांक नसतो. ती शून्य क्रमांकावर उभी राहते. संगणक तिची विचारपूस करतो, तू कोण, काय करतेस, वीज किती लागेल, आणि मग तिला तिचा क्रमांक देतो. असे १२८ क्रमांक आहेत. त्यांतला शून्य नव्या पाहुण्यासाठी राखीव, म्हणून उरतात १२७. हबही एक पाहुणाच, त्यालाही क्रमांक लागतो. हबला हब जोडता येतो, पण एकामागे एक पाचच.

कागदावर १२७. पण प्रत्यक्षात चौथी डिस्क जोडली, की कुरकुर सुरू होते. कारण विजेचं आहे. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० सालच्या, एका खाचेतून ५ व्होल्टची ५०० मिलिअँपिअर एवढीच वीज देण्याचा नियम होता. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ९०० झाली. डिस्कची तबकडी थांबलेल्या अवस्थेतून वेग घेते, तेव्हा तिला सर्वांत जास्त वीज लागते. भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जोर लागतो, पुढे ती चालत राहते, तसंच. साध्या हबवर चार डिस्क लावल्या, तर एकीच्या वाट्याची वीज चौघींत वाटली जाते. मग डिस्क टक्‌टक् आवाज करते, दिसते, नाहीशी होते, पुन्हा दिसते. उपाय साधा आहे: ज्याला स्वतःचा अडॅप्टर आहे असा, भिंतीतल्या प्लगमधून वीज घेणारा हब. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्ट लागतात. ती स्वतःचा अडॅप्टर घेऊनच येते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. हबवरच्या साऱ्या डिस्कांना संगणकाकडे जायला वाट एकच. एका डिस्कवरून शेजारच्या डिस्कवर काही उतरवायचं, तर त्या आपसांत बोलत नाहीत. माल आधी संगणकाकडे जातो आणि तिथून त्याच वाटेनं परत फिरतो. म्हणून एकाच हबवरून नकल संथ होते. संगणकाच्या वेगळ्या खाचेत दुसरी डिस्क लावली, की काम पुष्कळदा हलकं होतं.

तिसरी गोष्ट नावांची. विंडोजच्या संगणकात डिस्कला इंग्रजी अक्षर मिळतं. ए आणि बी ही अक्षरं एके काळी फ्लॉपीसाठी ठेवली होती. फ्लॉपी गेली, तरी मुख्य डिस्क अजून सी वरच बसते. बाहेरच्या डिस्क येतील त्या क्रमानं ई, एफ, जी. काल जी ई होती, ती आज एफ असू शकते. अक्षरावर विसंबून राहिलं, तर भलत्याच डिस्कवर हात पडतो. म्हणून प्रत्येक डिस्कला संगणकात स्वतःचं नाव द्यावं, आणि तेच नाव वर चिकटपट्टीवर लिहावं. स्टुडिओवाले हे अनुभवातून शिकले आहेत.

आणि चौथी गोष्ट काढण्याची. पडद्यावर ‘नकल पूर्ण’ असं दिसतं, तेव्हा ती खरोखर पूर्ण झालेली असतेच असं नाही. संगणक काही मजकूर क्षणभर स्वतःच्या हातात धरून ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. त्या वेळी वायर ओढली, तर वाक्य अर्ध्यात तुटतं. म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ म्हणायचं, आणि उत्तर आल्यावरच वायर काढायची.

इथवर झालं जोडण्याचं शास्त्र. पण मित्रहो, मला बोलायचं आहे ते याच्या पुढचं.

आमचं सिन्नर यादवांच्या ताम्रपटांत सिंदिनगर या नावानं येतं. देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी इथे होती. त्या काळातला ताम्रपट म्हणजे बहुधा तांब्याचे दोन-तीन पत्रे. त्यांना भोक पाडून एका कडीत ओवायचं आणि कडीवर राजमुद्रा ठोकायची. मधला पत्रा कुणी काढून घेऊ नये, खोटा पत्रा घालू नये, म्हणून ही ओवणी. मुद्रा मोडल्याशिवाय कडी उघडत नसे. जोडण्याचा हा एक हेतू झाला: वस्तू अखंड राहावी. पण कडीतले तिन्ही पत्रे मिळून एकच लेख. एक हरवला तर लेख अपुरा, आणि कडीच हरवली तर सगळंच गेलं. जोडल्यानं अखंडपणा येतो, पण प्रती वाढत नाहीत.

हीच गफलत आज आपल्या टेबलावर होते. चार डिस्क जोडलेल्या पाहिल्या, की मनाला वाटतं चौपट सुरक्षितता आली. वाढलेली असते ती जागा. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघा संशोधकांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यांना एका मोठ्या डिस्कसारखं वापरण्याचा विचार मांडला. त्याला ‘रेड’ म्हणतात. त्यात एक प्रकार आरशासारखा आहे: एकीवर लिहिलं, की दुसरीवर आपोआप तेच उमटतं. एक डिस्क मेली तरी दुसरी हजर. उत्तम सोय. पण आरशाला भलंबुरं कळत नाही. एकीवरचं पुसलं, की दुसरीवरचंही त्याच क्षणी पुसलं जातं. आणि दोघी एकाच टेबलावर, एकाच विजेवर. पावसाळ्यात वीज कडाडली, विद्युतदाब उसळला, तर तो दोघींना सारखाच भेटतो.

एका जागी ठेवल्याचं दुःख काय असतं, हे पुण्यानं पाहिलं आहे. ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागली. सहाशेहून अधिक चित्रपटांची नायट्रेट फिल्मची रिळं तिच्यात जळाली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली, की पाण्यानंही विझत नाही. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या, ते चित्रपट राहिले. ज्यांच्या नव्हत्या, ते कायमचे गेले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि नाशिकला देह ठेवलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आज हाती आहे ते पहिलं आणि शेवटचं रीळ. तीसुद्धा १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. भारतीय सिनेमाच्या आरंभाची ही स्थिती आहे.

याच्या उलट उदाहरण मराठी गद्याच्या आरंभाचं आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास लिहून काढल्या, तो ग्रंथ ‘लीळाचरित्र’. एकेका आठवणीसाठी ते माणसामागे माणूस शोधत फिरले. पुढे खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असं महानुभाव परंपरा सांगते. पण पोथी गेली तरी ग्रंथ गेला नाही. तो ज्यांना पाठ होता अशी माणसं वेगवेगळ्या वाटांनी पांगली होती. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. म्हणून त्याचे पाठ निरनिराळे आहेत, शब्द इकडचे तिकडे आहेत. अभ्यासकांना त्याचा त्रास होतो. पण त्या त्रासाबद्दल आभारच मानायला हवेत. पाठभेद आहेत याचा अर्थ प्रती अनेक होत्या, आणि त्या एका जागी नव्हत्या. आमच्याकडे कुराण मुखोद्गत करणाऱ्याला हाफिज म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच जपणारा असा आहे. त्यामागेही हाच विचार आहे: जे जपायचं ते अनेक उरांत, अनेक गावांत असावं.

ही जुन्या काळची गोष्ट झाली असं कुणी म्हणेल, म्हणून आताची सांगतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक-विषाणू युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यानं ठप्प केले. आमचा कांदा आणि द्राक्षं ज्या न्हावाशेव्याच्या बंदरातून परदेशी जातात, तिथलं या कंपनीच्या समूहाकडे असलेलं टर्मिनलही बंद पडलं. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची किल्ली म्हणावी अशी माहिती सुमारे दीडशे संगणकांवर ठेवलेली होती. ते एकमेकांशी सतत जोडलेले, एकाचं ते सगळ्यांचं. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. विषाणू आला तो त्याच जोडणीवरून, आणि सगळे एकदम पुसले गेले.

एक वाचला. आफ्रिकेतल्या घानामधला. का वाचला? कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! वीज नव्हती म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता, आणि तुटलेला होता म्हणून शाबूत राहिला. तिथून माहिती तारेवरून पाठवायला फार वेळ लागला असता. म्हणून एका कर्मचाऱ्यानं हार्ड डिस्क हातात घेऊन नायजेरियाचा विमानतळ गाठला, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली, आणि ती इंग्लंडला पोचली. एका हार्ड डिस्कवर जगातला केवढा तरी व्यापार पुन्हा उभा राहिला. भारनियमनाला आम्ही सिन्नरकरांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली. वीज गेल्यामुळे कुणाचं कल्याण झाल्याचं मी प्रथमच वाचत होतो.

या साऱ्यातून मला एक गोष्ट उमगली, तीच आज सांगायची आहे. जोडणं हे नकल करण्यासाठी असतं. जपलं जातं ते सोडल्यानं. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही वेगळी प्रत नव्हे. तो त्याच घराचा दुसरा खण आहे. घर जळालं की खणही जळणार.

मराठीत हे शहाणपणानं केलेलं एक मोठं काम माझ्या समोर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. वीसेक वर्षं खेडोपाडी फिरून हजारहून अधिक गावांतल्या बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या फ्रेंच अभ्यासकाच्या साथीनं शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटविन २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. पण ओव्या थांबल्या नाहीत, कारण त्या एकाच कपाटात नव्हत्या. पुण्यात होत्या, दिल्लीजवळ गुडगावच्या संगीत-संग्रहात होत्या, फ्रान्समध्ये होत्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. मावळातल्या बाईचा आवाज आज कुणीही ऐकू शकतो.

माझी अम्मी विड्या वळायची. सिन्नरमध्ये तेव्हा घरोघरी सूप मांडीवर घेऊन बाया विड्या वळत. तेंदूच्या पानावर कात्री चालायची आणि तोंडात ओव्या असायच्या, मराठी ओव्या, जात्यावर शिकलेल्या. विठ्ठलही त्यांत यायचा आणि पीरबाबाही. आमच्या गल्लीत त्या वेळी टेपरेकॉर्डर नव्हता. तिच्या ओव्यांपैकी मला सात आठवतात, माझ्या बहिणीला चार, त्यांतल्या दोन सारख्या. म्हणजे सगळ्या मिळून नऊ. आवाज कुठेच नाही. म्हणून मला डिस्कचा एवढा पुळका आहे.

काय करावं? पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला एक नियम पाठ करायला सोपा आहे: तीन, दोन, एक. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या जागी असावी. त्यासाठी विजेचा हब घ्या, डिस्क जोडा, नकल करा, चार फायली उघडून नीट वाजतात की नाही ते पाहा. मग रीतसर काढा आणि एक डिस्क घराबाहेर पाठवा. दर काही वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवा. तबकडी फिरणारी आहे, ती कधीतरी थांबणारच. आणि खाचाही बदलतात. स्कझीची वायर लावायला आज नव्या संगणकात जागाच नसते. पोथ्यांच्या नकला पिढ्यान् पिढ्या होत राहिल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. डिस्कचंही तेच आहे.

माझ्या चारपैकी एक डिस्क संगमनेरला बहिणीकडे असते. ईदला जातो तेव्हा इथली नवी तिथे ठेवतो आणि तिथली जुनी घेऊन येतो. ती म्हणते, “भाईजान, शिरखुर्म्याला येतोस की डब्या बदलायला?” दोन्हीसाठी येतो, हे तिला ठाऊक आहे.

आपल्या तालुक्यात शाळांचे दाखले आहेत, वाचनालयांची दप्तरं आहेत, भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणं आहेत, म्हाताऱ्यांचे आवाज आहेत. ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांनी या आठवड्यात एक प्रत काढावी, आणि ती शेजारच्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला द्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)